रात्री साडेआठला कुलूप लावणारी अभ्यासिका

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी, बसस्टँडमागच्या गल्लीत, जुन्या जिनिंगच्या भिंतीला लागून ही अभ्यासिका आहे. पाटीवर 'अभ्यासिका' एवढंच लिहिलं आहे, म्हणून सगळे तिला 'सरांची अभ्यासिका' म्हणतात. सर ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. निवृत्तीनंतर स्वतःच्याच घराचा खालचा मजला त्यांनी पोरांना बसायला मोकळा केला. माझी मोठी मुलगी अकरावी-बारावी इथे बसली. २०२५ च्या प्रवेशात तिला पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजात मेटलर्जी, म्हणजे धातूंचं इंजिनिअरिंग, मिळालं. धाकटीही आता इथेच बसते. अंगणवाडीत लेकरं घेऊन येणाऱ्या बाया, बचत गटातल्या मैत्रिणी, नात्यातले लोक मला सारखं विचारतात की पोरीला बाहेर न ठेवता, मोठा क्लास न लावता हे जमलं कसं. प्रत्येकीला तोंडी सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकते.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे सांगते.

आधी सोय. दोन खोल्या, एक मुलींची आणि एक मुलांची. लाकडी टेबलं, मधे फळ्या लावून केलेले कप्पे, प्रत्येक कप्प्यात ट्यूबलाइट आणि पिन लावायला जागा. लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे, तो ट्यूबलाइट आणि पंखे ओढतो, कूलर ओढत नाही. महिन्याला ५०० रुपये. ज्याला एकदम जमत नाही त्याच्याकडून सर कापूस विकल्यावर घेतात आणि त्याबद्दल चारचौघांत कधी बोलत नाहीत. मागच्या खोलीत तीन जुने कॉम्प्युटर आहेत, सराव परीक्षेसाठी. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सर स्वतः बसतात, तेव्हा अडलेलं विचारायचं. बाकी शिकवणी इथे होत नाही. क्लास समजून गेलात तर निराश व्हाल.

मग या जागेत विशेष काय? माझ्या मते दोन गोष्टी. पहिली म्हणजे पोरगं आल्याच्या पहिल्याच आठवड्यात सर त्याच्याकडून एक आडवा ताव भरून घेतात. त्यावर चार रकाने: कॉलेज कोणतं, तिथे कोणत्या परीक्षेने घेतात, बारावीला किती मार्क लागतात, कागदपत्रं कोणती. ताव पोराने स्वतःच्या अक्षरात भरायचा, आईबापाने हात लावायचा नाही. मी शेजारी बसून होते म्हणून मला हे माहीत आहे.

मोठीने पहिल्या खेपेला ताव गच्च भरला होता. केंद्राच्या एनआयटी कॉलेजांसाठी जेईई मेन, आयआयटीसाठी जेईई ॲडव्हान्स्ड, राज्यातल्या कॉलेजांसाठी सीईटी, बिट्स पिलानीची बिटसॅट, फौजेची एनडीए, विज्ञान शिकवणाऱ्या आयसर संस्थांची परीक्षा, आणि दोन खासगी विद्यापीठांच्या वेगळ्या परीक्षा. वर्गातल्या पोरी जे बोलत होत्या ते सगळं तिने उतरवलं होतं. सरांनी पेन्सिल घेतली आणि एकेका ओळीवर थांबत गेले.

"एनडीए काहून लिहिलं वो? फौजेत जाचं आहे का तुले?"

"नाही सर. मुलींनाबी घेतात आता, म्हणून."

"घेतात, चांगलं आहे. पण तुले जाचं नाही ना? मंग कायले भरते?"

एक रेघ. आयसरच्या ओळीवर त्यांनी विचारलं, बायोलॉजी घेतलं आहे का? नव्हतं घेतलं. आयसरच्या परीक्षेत ६० प्रश्न असतात, फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि बायोलॉजीचे प्रत्येकी १५. पाव पेपर अशा विषयाचा, जो तिने दहावीनंतर सोडला होता. दुसरी रेघ. बिटसॅटवर सरांनी फक्त त्या कॉलेजची फी तिला मोबाइलवर शोधून वाचायला लावली, पुढची रेघ तिने स्वतःच मारली. ॲडव्हान्स्डवर मात्र सर घाईने बोलले नाहीत. म्हणाले, आयआयटीच पाहिजे असेल तर तो अभ्यास वेगळा, त्याची खोली वेगळी, आणि मी तो करून घेऊ शकत नाही. घरी जाऊन ठरव. ती चार दिवसांनी आली आणि म्हणाली, मला इंजिनिअरिंग करायचं आहे, चांगल्या सरकारी कॉलेजात, आयआयटीचा हट्ट नाही.

तावावर उरल्या दोन परीक्षा. सीईटी मुख्य, कारण सीओईपी आणि अमरावतीचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज तिथून मिळतं. दुसरी जेईई मेन, नागपूरच्या व्हीएनआयटी या एनआयटीसाठी, कारण एनआयटीत अर्ध्या जागा त्याच राज्यातल्या पोरांना असतात. तिथे बारावीला साधारण ७५ टक्केही लागतात, ते सरांनी तिसऱ्या रकान्यात तिलाच लिहायला लावलं. सीईटीच्या प्रवेशाला पीसीएममध्ये, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, गणितात, ४५ टक्के पुरतात, मागासवर्गीयांना ४०. एकाच बारावीचा भाव दोन ठिकाणी किती वेगळा आहे, हे पोरीला त्या दिवशी कळलं. तो ताव दोन वर्षं तिच्या कप्प्यात आतून चिकटवलेला होता.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. कॉलेज चालू असताना अकरावी-बारावीच्या पोरांना अभ्यासिकेत बसू देत नाहीत. कॉलेज बुडवून कोणी आलं तर सर परत पाठवतात. रात्री साडेआठला कुलूप, परीक्षेच्या महिन्यातसुद्धा. रविवारी पूर्ण बंद. दारावरच केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेससाठी काढलेल्या सूचना लावलेल्या आहेत: १६ वर्षांखालच्या मुलाला प्रवेश नाही, शाळेच्या वेळात क्लास नाही, दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त शिकवायचं नाही, आठवड्याला सुट्टी. या सूचना क्लाससाठी आहेत, अभ्यासिकेला कोणी विचारणार नाही, तरी सर पाळतात. काही पालकांनी भांडून पाहिलं की रात्री अकरापर्यंत उघडी ठेवा, आम्ही जास्तीचे पैसे देतो. सरांनी नाही म्हटलं.

मला हे फार मोलाचं वाटतं, कारण दुसरी तऱ्हा मी घरातच पाहिली आहे. माझ्या भाच्याला आठवीपासून फाउंडेशन क्लासला टाकलं होतं आणि दहावीनंतर शहरातल्या एका टाय-अपवाल्या क्लासला. कॉलेजात नाव फक्त कागदावर, पोरगं सकाळी सहा ते रात्री नऊ त्या इमारतीत. कबड्डी सुटली, आजोबांशी बोलणं सुटलं, सुट्टीत घरी आला की नुसता झोपायचा. दर रविवारी टेस्ट आणि दर टेस्टला भिंतीवर नंबर. बारावीच्या दिवाळीत तो जेवता जेवता रडायला लागला, कारण विचारलं तर सांगता येईना. शेवटी त्यानेही दिली ती हीच सीईटी. हुशार पोरगं आहे, आता बरा आहे, पण त्याची ती तीन-चार वर्षं कोणी परत देणार नाही आणि माझ्या बहिणीने गहाण टाकलेले दागिनेही अजून सुटायचे आहेत. म्हणून कोणी 'अजून एक बॅच लावून पाहा ना' म्हटलं की मला राग येतो. आपल्या लेकरांच्या अंगावर किती टाकायचं, याला काही माप आहे की नाही?

मोठीचा दिवस सांगते. सकाळचं कॉलेज, साडेबाराला सुटायचं. डबा अभ्यासिकेच्या ओसरीवर खायचा, एकपासून पाचपर्यंत अभ्यास, आणि साडेपाचच्या एसटीने गावी. पासाचा खर्च नव्हता, मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. घरी आल्यावर तासभर पुस्तक उघडलं तर उघडलं. सवंगणीच्या दिवसांत सोयाबीन घरात येईपर्यंत ती शेतात असायची, वेचणीलाही सुट्टीच्या दिवशी यायची. सरांनी तिची जागा कधी दुसऱ्याला दिली नाही. आम्ही तिला राबवलं असं नाही, तिलाच घरात एकटीला बसवायचं नाही.

याच मोकळ्या वेळातून तिचं मेटलर्जी निघालं, असं मी खात्रीने सांगते. रविवारी ती बापासोबत वखराची पास (लोखंडी पातं) पाजवायला लोहाराकडे जायची. लोखंड लाल करून ठोकायचं, मग पाण्यात बुडवायचं. कमी तापवलं तर धार लवकर बोथट होते, बुडवताना चुकलं तर पास दगडाला लागून तुटते. लोहारबुवा रंग पाहून सांगायचे की आता काढ. पोरगी तासभर उभी राहून विचारत बसायची, रंग कोणता, पाणी थंड काहून पाहिजे. मंगळवारी तेच सरांना विचारायची. प्रवेशाच्या वेळी बाकीच्या मुली कॉम्प्युटर-कॉम्प्युटर करत होत्या, तेव्हा हिने मेटलर्जी सगळ्यात वर लिहिलं, ते कोणी सांगून नाही. क्लासच्या इमारतीत रविवार गेला असता तर लोहाराच्या भात्याजवळ कोण उभं राहिलं असतं?

आता अभ्यास कमी करून मार्क कसे आले, हे विचाराल. अभ्यास कमी नव्हता, फालतूचा नव्हता. सर पहिल्या महिन्यात पेपरचा हिशेब मांडून देतात. मोठीच्या वेळी पीसीएमच्या सीईटीत गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क. फिजिक्सचे ५० आणि केमिस्ट्रीचे ५०, प्रत्येकी १. एकूण २००. म्हणजे निम्मे मार्क एकट्या गणिताचे. गणिताला ९० मिनिटं आणि बाकी दोन्ही विषय मिळून ९०, म्हणजे तिथे एका प्रश्नाला मिनिटही पूर्ण नाही. चुकलं तर मार्क कापत नाहीत, जेईई मेनला कापतात. अभ्यासक्रम आपल्या स्टेट बोर्डाचाच, ८० टक्के बारावीचा आणि २० टक्के अकरावीचा, तोही अकरावीच्या ठरावीक धड्यांवर. गुरुत्वाकर्षण, ध्वनी, प्रकाश असे ते धडे. सरांनी अकरावीच्या पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत त्यांना खूण करून दिली होती. धाकटीला मात्र त्यांनी सांगितलं आहे की ताईच्या खुणा चालवायच्या नाहीत, तुझ्या वर्षाचं माहितीपत्रक सीईटी सेलच्या साइटवरून काढून आण.

एका विषयाला एक पुस्तक, हा तिथला नियम. आधी बालभारतीचं, त्यातला स्वाध्याय शेवटच्या प्रश्नापर्यंत, मग मागच्या वर्षांचे प्रश्न. मोठीचं बारावीचं फिजिक्सचं पुस्तक माझ्याकडे आहे, तिने धाकटीसाठी ठेवलं. पाठीचा जोड उसवला होता, तो मी गोधडीच्या दोऱ्याने शिवला. प्रत्येक स्वाध्यायाच्या आकड्याशेजारी पेन्सिलने तारखा आहेत, काही ठिकाणी एक, काही ठिकाणी तीन-तीन. जिथे तीन आहेत तिथे समासात सरांच्या अक्षरात 'आकृती काढ' असं लिहिलेलं आहे. गाईड, नोट्सचे गठ्ठे, मोबाइलमधले अॅप, यातलं घरात काही आलं नाही. ज्याला जास्तीचं पाहिजे त्याला सर शिक्षण मंत्रालय आणि आयआयटी कानपूरने काढलेलं 'साथी' पोर्टल दाखवतात, ते फुकट आहे. तेही एकच.

आपल्या पोरांची खरी अडचण इंग्रजी आहे, आणि तिथे सरांनी फार चांगलं काम केलं. दहावी मराठीतून, अकरावीला सगळं इंग्रजीतून. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचा पेपर मराठीतूनही निवडता येतो, गणिताचा मात्र इंग्रजीतच येतो. हे पुष्कळ पालकांना माहीतच नाही. सर अकरावीच्या पहिल्या दोन महिन्यांत गणित सोडवायलाच देत नाहीत, आधी प्रश्न वाचून 'काय दिलं, काय विचारलं' हे मराठीत बोलायला लावतात. मोठी म्हणायची, त्यानंतर पेपरची भीती अर्धी झाली.

कागदपत्रांचं काम मी वेगळं सांगते, कारण यात लोक फार मार खातात. जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत टाकायचा, हे तावाच्या चौथ्या रकान्यात असतं. नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, ज्याला जे लागेल ते. सर दर पोळ्यानंतर विचारतात, कुठपर्यंत आलं? जुलै २०२४ मध्ये शासनाने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या, वर्षाला ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. आमची पोरगी पुण्याला जाऊ शकली ती यामुळेच. पण दाखले हातात नसतील तर माफी कागदावरच राहते. निकालानंतर धावपळ करणारे आईबाप मी तहसीलच्या रांगेत पाहिले आहेत, भर उन्हात, पोरगी शेजारी रडवेली उभी.

कॅप राउंडच्या, म्हणजे सीईटीनंतरच्या प्रवेश फेऱ्यांच्या वेळी सर दोन-तीन दिवस फक्त त्यासाठी बसतात. परसेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, शंभरातली किती पोरं आपल्या मागे आहेत ते, हे समजावण्यातच त्यांचा अर्धा वेळ जातो. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं मिळालं तर ते घ्यावंच लागतं, म्हणून पहिल्या ओळीवर तेच लिहा जिथे खरंच जायचं आहे, हे ते प्रत्येकाला दोनदा सांगतात. मोठीला ९८ च्या वर परसेंटाइल होते. अमरावतीत तिला दुसरी शाखाही मिळू शकली असती. सरांनी मत दिलं नाही, तो जुना ताव काढून समोर ठेवला आणि म्हणाले, तूच पाहा.

आता उणिवा. मुलींचं स्वच्छतागृह अंगणाच्या टोकाला आहे. त्याची कडी कित्येक महिने सैल होती, पोरी दोघी-दोघी जायच्या. आम्ही चार आयांनी जाऊन सांगितलं तेव्हा दुरुस्त झाली. सर चांगले आहेत, पण मुलींच्या खोलीकडे बाईमाणसाचं रोजचं लक्ष पाहिजे, ते अजून नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, आणि सीईटीचा सराव नेमका त्याच दिवसांत असतो. लाईट गेली की कूलर बंद आणि खोली भट्टी होते. कॉम्प्युटर तीनच, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये नंबर लावावा लागतो. ही परीक्षा कॉम्प्युटरवर असते, गावच्या पोराचा माउसवर हात बसायला वेळ लागतो. अजून दोन तरी पाहिजेत.

सगळ्यात मोठी उणीव बायोलॉजीची. मेडिकलच्या नीट परीक्षेत १८० पैकी ९० प्रश्न बायोलॉजीचे असतात आणि इथे त्याचं अडलेलं सोडवणारं कोणी नाही. आमच्या शेजारची पोरगी याच अभ्यासिकेतून पीसीबीची (गणिताऐवजी बायोलॉजीची) सीईटी देऊन अकोल्याच्या कृषी विद्यापीठात बी.एस्सी. कृषीला गेली, पण बायोलॉजीसाठी तिला कॉलेजच्या मॅडमच्या घरी जावं लागायचं. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज आपल्या जिल्ह्यात, पोरींना तिथे जायची केवढी हौस असते, आणि त्यांना इथे अर्धीच मदत मिळते. कोणी निवृत्त बायोलॉजीच्या मॅडम हे वाचत असतील तर त्यांनी खरंच सरांना भेटावं. माझा अर्धा स्टार इथेच गेला.

आयआयटीचंच मनात असेल तर ही जागा तुमच्यासाठी नाही, सर स्वतःच सांगतात. ज्या पोराला कोणी मागे लागल्याशिवाय पुस्तक उघडवत नाही, त्यालाही इथे करमणार नाही. इथे हजेरी नाही, भिंतीवर मार्कांचे नंबर लावत नाहीत, घरी फोन करत नाहीत.

दहावीचा निकाल लागला की आठवड्याभरात मुलींची खोली भरते, म्हणून निकालाआधीच जाऊन नाव सांगून ठेवा. पोराला सोबत न्या, एकट्या आईबापाकडून सर नाव घेत नाहीत. मंगळवारी किंवा शुक्रवारी चारनंतर जा, दुपारी ते झोपलेले असतात. पैसे पहिल्या दिवशी मागत नाहीत. पेन्सिल आणि खोडरबर मात्र घरूनच न्या, ताव पेनाने भरू देत नाहीत.